आमच्या उंदराचा चष्मा

पेणमध्ये गणपतीच्या कारखानदाराला कोणी "काय डोळे आहेत हो तुमच्या मूर्तीला!" असं म्हटलं की तो जमिनीपासून चार बोटं वर चालतो. मीही चालायचो. वास्तविक ते डोळे मी कधी काढलेच नाहीत. मी काढलेल्या डोळ्यांचा गणपती नुकताच सर्दीतून उठल्यासारखा दिसतो, असं माझ्या बायकोचं मत आहे, आणि ते तिने सगळ्या कामगारांसमोर मांडलेलं आहे.

डोळे काढायची ती जोह्याहून एसटीने येणारी एक बाई. या कामाला आम्ही आखणी म्हणतो. पहिल्या वर्षी ती सगळंच करायची. पितांबर रंगवायची, दागिने काढायची, साच्यातून निघताना वाकडे झालेले कान सरळ करायची. मग तिची आखणी माझ्या नजरेत भरली आणि मी ठरवलं, या हाताचा मान राखायचा. मान म्हणजे काय, तर यापुढे तिने फक्त डोळे काढायचे. तेही एकाच साच्याच्या फूटभर बैठ्या गणपतीचे, कारण खपतो तोच. खिडकीजवळची जागा दिली, गादीची खुर्ची दिली, कारखान्यातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडे वळवला. बाकीचे घामाने निथळत होते, पण कलेची कदर म्हणून काही असतं की नाही? वर मी येता-जाता दारातून डोकावून विचारायचो, "बाय, डोळे झाले काय?"

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्याच्या ऐन भरात बायकोने जेवताना सांगितलं, "ती चालली. डोलवीला, कंपनीच्या कँटीनमध्ये. सोमवारपासून."

घास हातातच राहिला. शेडमध्ये ओळीने डोळ्यांविना बसलेले गणपती दिसू लागले, आणि त्यांच्यासमोर ब्रश घेऊन मी.

सकाळी तिला गाठलं. म्हटलं, "पगार वाढवतो."

"पगाराचं कुठं काय बोलली मी?"

"मग त्या कँटीनमध्ये असं आहे तरी काय?"

"तिथं रोज भाजी तरी बदलते, शेठ."

एवढ्या स्पष्ट बोलण्यावरून कोणीही शहाणा समजला असता. मी समजलो की बाईला बढती हवी आहे. दुपारी सगळ्यांना गोळा करून मी तिला मुकादम केलं. आता तिने नुसतं बसून बाकीच्या बायकांच्या कामावर देखरेख करायची. टाळ्या झाल्या, पेढे झाले. संध्याकाळी हात धुताना ती म्हणाली, "झ्याक केलंत. होते ते डोळेपण गेले हातातून."

शनिवारी रोह्याहून फोन. नदीपलीकडे अष्टमी गावात आमचा माल घेणारे एक जुने दुकानदार आहेत, हसणं त्यांना फारसं मानवत नाही. "तुमचे उंदीर बिघडलेत. येऊन बघा, आणि येताना रंग घेऊन या."

उंदरांचे डोळे म्हणजे आमच्याकडे शिकाऊ बायकांचं काम, दोन काळे ठिपके की झालं. तरी डागडुजीला चांगला हात हवा म्हणून मी तिलाच टेम्पोत बसवलं.

दुकानात गणपती नीटच होते. उंदीर मात्र एकेक नग होता. एक मोदकाकडे तिरपा बघत होता. एक जांभईच्या बेतात होता. आणि एकाच्या नाकावर चष्मा घसरलेला, भुवया वर, मान पुढे. हा प्राणी कुठे बरं पाहिलाय, असा विचार करत मी माझा चष्मा सावरला, तर समोर उभी असलेली दोन पोरं आधी उंदराकडे, मग माझ्याकडे बघून खिदळली.

"देवाचं वाहन आहे ते," दुकानदार म्हणाले. "ही टवाळी कशाला?"

तिने मुकाट्याने डबी उघडली, ब्रश बुडवला. मी तिचा हात धरायचाच बाकी ठेवला. "थांब गो! हे कधी केलंस?"

"डबा खायच्या सुट्टीत."

म्हणजे माझ्या कामातून सुटका झाली की ती कामाला बसत होती! मला इतकं हसू आलं की दुकानदारांनी पाणी मागवलं. बाकीचे उंदीर तिने त्यांच्यासाठी सरळ करून दिले. चष्मेवाला मी मूर्तीसकट परत घेतला.

परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदाच धड प्रश्न विचारला. "तुला हवंय काय?"

"माती," ती म्हणाली. "माझा गणपती मी पयल्यापासून घडवणार. त्याचा साचा निघंल. आणि आखणी दोघीजणींना शिकवते, मग त्यांनापण खिडकी मिळू दे."

"आणि त्यांचे डोळे बिघडले तर?"

"तुमच्याएवढे नाय बिघडणार."

मी हो म्हणालो. ती मात्र हो म्हणाली नाही. "बघते" म्हणाली आणि जोह्याच्या फाट्यावर उतरली.

सोमवारी मी दारातल्या तुळशीला पाणी घालत उभा होतो. बायको म्हणाली, "पुरे, बुडेल ती." एसटी आली. माणसं उतरली, ती दिसेना. एसटी निघाली, आणि मागच्या बाजूने ती रस्ता ओलांडत आली, डबा हातात, नेहमीसारखी. माझ्या हातातला तांब्या कुंडीत पडला.

ती आत गेली. शाडूचा गोळा पाटावर ठेवला, पदर खोचला आणि तिथूनच ओरडली, "शेठ, पयला तो पंखा बंद करा. माती वाळते माझी."

मी धावत जाऊन तो बंद केला. मग पंख्याचं तोंड बाकीच्या बायकांकडे वळवून पुन्हा सुरू केला. शेडमधून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला दुवा दिला.