नापासाच्या घरी पेढे

'समुपदेशन कक्ष' ही पाटी कांबळे मॅडमनी आमच्या शाळेत आल्या आल्या उतरवली. का, तर त्या खोलीत जाणाऱ्याला सगळी शाळा 'येडा' म्हणायची. मग मधल्या सुट्टीत त्या नळाजवळच्या कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसायच्या. जाईल त्याच्या हातात मूठभर शेंगा, आणि प्रश्न एकही नाही. "हात कामाला लागला की तोंड आपसूक सुटतंय," म्हणायच्या. आणि सुटायचंच हो! कुणाचा बाप पितो, कुणाला वर्गात छळतात, सगळं शेंगा फोडता फोडता बाहेर यायचं.

मी कधी गेले नाही. मला काय धाड भरलीय, असा माझा तोरा.

नव्व्याण्णव साली दहावीला गणितात नापास झाले. आमच्या आबांचं राजारामपुरीत शिलाईचं दुकान, स्वभाव तापट. "नाक कापलंस माझं. तोंड दाखवू नगंस," एवढंच बोलले. मी आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. खरं सांगते, त्या दुपारी मला जगायचं नव्हतं. बाहेर आई हाका मारून थकली होती आणि शेजारी पास झालेल्या पोरीकडे फटाके वाजत होते.

तेवढ्यात मॅडमचा आवाज आला. हातात पेढ्यांचा पुडा होता, हे आईनं नंतर सांगितलं.

"घर चुकलं तुमचं," आबा म्हणाले. "पास झालेली पोरगी शेजारी हाय."

"तिकडं समदं गाव जातंय. हितं कोण येतंय?"

"नापासाचं पेढं? गल्ली हसंल की, मॅडम!"

"हसू दे. गणिताचा पेपर ऑक्टोबरला परत येतोय, दादा. पोरगी परत येत न्हाय."

मग दाराशी आबांचा आवाज आला, पार फाटलेला. "बाळ, कडी काढ. मी चुकलो." आबांना रडताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी कडी काढली.

ऑक्टोबरला मी पास झाले. पुढं काही वर्षांनी मॅडम कॅन्सरनं गेल्या. शेवटपर्यंत दर निकालाला त्या नापासांची दारं गाठत होत्या. त्या गेल्या त्याच वर्षी जूनमध्ये निकाल लागला, तसं आबांनी दुकान बंद केलं, पेढे घेतले आणि मागच्या गल्लीतल्या एका घरी गेले. तिथलं पोरगं सकाळपासून जेवलं नव्हतं. आबा परतले तेव्हा दिवेलागण झाली होती.

"काय बोललात?" मी विचारलं.

"मला कुठं मॅडमसारखं बोलाय येतंय?" आबा म्हणाले. "पोरगं जेवूस्तवर बसलो."