दत्ताची साखळी

दत्ता काल सकाळी गेला. मी त्याच्याशी एकदा बेइमानी केली होती, आणि ते त्याला माहीत होतं.

इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना तो गणपतीत खुर्च्या मांडणारा दत्ताकाका म्हणून आठवेल. माझी त्याच्याशी मैत्री झाली ती रग्बीच्या मैदानावर.

हो, रग्बी. हसू नका.

एटीजमधली गोष्ट. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत माझी इंजिनियरची नोकरी. ऑफिसात केव्हिन नावाचा ऑस्ट्रेलियन होता. त्याने रग्बी लीगचा क्लब काढला.

ही तेरा जणांची रग्बी. सहा वेळा तुम्हाला पाडलं की बॉल समोरच्या टीमला द्यायचा. इथे हा खेळ कोणाच्या गावीही नव्हता. तेरा माणसं जमवताना केव्हिन मेटाकुटीला यायचा.

शेवटी त्याने मलाही घेतलं, यावरून काय ते समजा.

मग मी दत्ताला नेलं. तेव्हा आमची नुसती तोंडओळख होती. तो सांगलीचा, एका टूल शॉपमध्ये मशिनिस्ट. इंग्लिश यथातथाच. पण गडी कबड्डीत महाराष्ट्राकडून खेळलेला.

पहिल्याच प्रॅक्टिसला त्याने अडीचशे पौंडांचा एक माणूस घोट्याला धरून आडवा केला. बाकीचे बघतच राहिले.

"पोरं दांडगी आहेत रे," गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "पण जो तो एकटाच धावतो. ह्यांना साखळी माहीत नाही."

पुढच्या शनिवारी त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकमेकांचे हात धरायला लावले. कबड्डीत बचाव करताना धरतात, तसेच. सगळ्यांनी एकत्र पुढे यायचं, एकत्र मागे जायचं. कोणी एकटा पुढे पळाला की शेजारच्याच्या हाताला हिसका बसायचा.

तेरा दाढीवाले पुरुष. न्यू जर्सी. हातात हात.

बाजूने सॉकरवाले जायचे, ते शिट्ट्या मारायचे. आमचीही काही पोरं खिदळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मनात म्हणायचो, कुठून ह्याला आणला!

पण महिन्याभरात आमची ओळ फुटेनाशी झाली. त्या सीझनला पेनसिल्व्हेनियाच्या टीमला आम्ही चक्क हरवलं. केव्हिन दत्ताला खांद्यावर घेऊन नाचला.

मग केव्हिनची सिडनीला बदली झाली. नवा कोच निवडायचा होता.

दत्ता माझ्या अपार्टमेंटवर आला. इस्त्रीचा शर्ट घालून. चहा संपवला.

"माझं नाव सुचव ना," म्हणाला. "मला इंग्लिशमधून सांगता यायचं नाही. तू सांग. मी काय खेळलोय, ते फक्त सांग. दिवसभर मशीनवर कोणी मला विचारत नाही रे. इथे मला काहीतरी येतं."

मी म्हटलं, "डोन्ट वरी यार. मी बोलतो."

मीटिंग एका चर्चच्या बेसमेंटमध्ये होती. कमिटीत माझा बॉस होता. मी दत्ताचं नाव घेतलं, एवढं मात्र खरं.

बॉसने विचारलं, "हे हात धरणं वगैरे... तुमच्याकडे हा सिरियस स्पोर्ट आहे का?"

दोघं-तिघं फिसकन हसले.

आणि मीही हसलो.

म्हणालो, "नॉट रिअली. व्हिलेज किड्स प्ले इट."

मला कोणी धमकावलं नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. मला फक्त त्यांच्यातला एक दिसायचं होतं. दत्तासारखा दिसायचं नव्हतं.

कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळलेला एकजण कोच झाला. दत्ताला मी सांगितलं, "लँग्वेजचा प्रॉब्लेम आला रे." तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं."

पुढचे दोन सीझन तो दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा. मग माणसं गळत गेली आणि क्लब बंद पडला. त्यानंतर रग्बीचा विषय आमच्यात निघाला नाही. मीच निघू दिला नाही.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. त्याने स्वतःच विषय काढला.

"त्या मीटिंगला मी आलो होतो. जिन्यात उभा होतो. तू छान बोलशील, ते ऐकावं म्हटलं."



"'किड्स' एवढं इंग्लिश मला तेव्हाही कळत होतं."

रागाने नाही म्हणाला. हसून म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तेव्हा तू एकटाच तर होतास मराठी बोलायला. भांडून कुठे जाणार होतो?"

तेव्हा तरी सॉरी म्हणायचं! मी पार्किंगची वेळ संपली म्हणून उठलो. पार्किंग फ्री होतं.

काल दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. रडून तिचा आवाज बसला होता.

"काका, आय ॲम रायटिंग द ऑबिच्युअरी. बाबा त्या रग्बी क्लबमध्ये एक्झॅक्टली काय होते? ही नेव्हर टोल्ड अस. प्लेयर लिहू? व्हॉलंटियर?"

मी म्हटलं, "कोच लिही."

"रिअली? बाबा कोच होते?"

"हो बेटा. कमिटीने विचारलं तर माझं नाव सांग."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, त्या कमिटीतलं आता कोणीच उरलेलं नाही.

दत्ता, तुझी माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो.

'जा' म्हणवत नाही रे. ये आता.