गेला, आला

वीजमीटर तपासायला दारात उभी राहिली की मीटरबाई आधी घरमालकाच्या तोंडाकडे बघायची. "या, बसा, चहा घ्या" म्हणणाऱ्याच्या वायरी ती दोनदा ओढून पाहायची. एवढा आग्रह, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय! तिचा अंदाज सहसा चुकत नसे, त्यामुळे खोड आणखीच मुरली. नवरा वेळेवर घरी आला तरी विचारायची, "आज लवकर कसे?"

अशा बाईला आकाशाचा नाद लावला तिच्या थोरल्या नणंदेने. दूरच्या ग्रहाचा एखादा चिमुकला चंद्र ताऱ्यासमोरून जातो. चंद्र दुर्बिणीतूनही दिसत नाही, पण तारा क्षणभर विझतो. नणंदेच्या आकाशदर्शन मंडळातले सगळे आपापल्या गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसत आणि बाजूला ठेवलेल्या फोनवर स्वतःचा आवाज टिपत. तारा विझला की ओरडायचं "गेला!", दिसला की "आला!" मधल्या वेळेवरून मंडळातले भूगोलाचे मास्तर चंद्राचा आकार काढत.

गेल्या खेपेस बहुतेकांकडे ढग होते. नणंद "गेला" म्हणाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला मीटरबाईचा तारा मात्र ढिम्म होता. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ओरडायला काय लागतं?" चंद्राच्या सावलीची कड दोन घरांच्या मधूनही जाते, मग एकीकडे तारा विझतो आणि दुसरीकडे नाही, हे तिला तोंडपाठ होतं. पण घरच्या माणसाचं निघालं की तिला आधी लबाडीच दिसायची. मास्तरांनी नणंदेची नोंद वगळली, आणि नणंदेने भावाच्या घराची पायरी चढणं सोडलं. नवरा बहिणीला भेटून आला की मीटरबाईचा एकच प्रश्न, "माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

आज तोच चंद्र दुसऱ्या ताऱ्यावरून जाणार होता. दिवेलागणीनंतर मीटरबाईने दुर्बिणीचे स्क्रू दोनदा पिळले, कुणी ढिले केले असतील म्हणून. डोळा लावला. आणि तारा खरंच विझला! "गेला!... आला!" आपण रडतोय हे तिला नंतर कळलं.

मास्तरांच्या घरी सगळे जमले, तर बाकी कुणाकडेच तारा गेला नव्हता.

"दुर्बिणीला धक्का लागला नसेल ना?" मास्तर म्हणाले. "दुसरं कुणी दुजोरा देणारं हवं होतं."

"ओरडायला काय लागतं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि खोलीत खसखस पिकली.

मीटरबाईला आयुष्यात एकदाच दिसलेली गोष्ट खोटी ठरत होती, आणि शपथ घ्यावी तर तिने स्वतः कधी कुणाची शपथ मानली नव्हती. कोपऱ्यात नणंद बसली होती. आता ही उट्टं काढणार!

"माझ्याकडे नाही गेला," नणंद म्हणाली. मग हात पुढे केला. "तुझा फोन दे गं."

तिने तो कानाला लावून एकदाच ऐकलं.

"हिच्याकडे गेला. लिहा, मास्तर."

"कशावरून म्हणता?"

"लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकतेय हिला. भांडतानाही हिचा आवाज कापत नाही. इथे कापलाय."

मास्तरांनी लिहून घेतलं.

खाली चपला घालताना मीटरबाई अडखळत म्हणाली, "वन्सं, मागच्या वेळी तुमचा तारा..."

"गेला होता."

मीटरबाईने पुढे काही विचारलं नाही.