‘टेम्पररी’ची पक्की नोकरी

कचेरीत कागदांपेक्षा किस्से लवकर साठतात. कागदांना निदान वाळवी तरी लागते! बीडच्या आमच्या सडक-इमारतीच्या कचेरीतले निम्मे किस्से तर एकाच शब्दाचे. निजामाचा कारभार सगळा उर्दूत. पण कधीकाळी एक इंजिनिअरसाहेब ‘टेम्पररी’ हा इंग्रजी शब्द घेऊन आले, आणि तो इथंच ठेवून बदलून गेले.

*

आमची कचेरी पत्र्याच्या शेडात. “एका पावसाळ्यापुरती, टेम्पररी,” असं ते साहेब म्हणाले होते म्हणे. मी नोकरीला लागलो तेव्हा शेडाबरोबर लावलेला कडुनिंब पत्र्याच्या वर गेला होता. दुपारी अर्धी कचेरी त्याच्याच सावलीत असायची.

*

केजच्या वाटेवर नदीला लाकडी पूल टाकला, टेम्पररी. शेजारी दगडी बांधला, पक्का. पहिल्याच पुरात पक्का वाहून गेला! तो कसा गेला हे बघायला साहेब आले, आणि लाकडी पुलावर उभं राहून बघून गेले.

*

आमचे हेडक्लार्क शायर माणूस. त्यांनी या शब्दाचं पार अध्यात्म करून टाकलं! एकदा एक पाटील विहिरीचा कठडा ढासळल्याची तक्रार घेऊन आले. हेडक्लार्क उसासा टाकून म्हणाले, “पाटील, जिंदगीच टेम्पररी हाय, कठड्याचं काय घेऊन बसलात!”

“मंग ही खुर्ची कावून लागती तुमाला?” म्हणत पाटलांनी खुर्चीला हात घातला. कठडा त्याच आठवड्यात बांधून झाला.

*

आमचे चपराशी रहमतचाचा. उभा जन्म कचेरीत गेला, पण नोकरी टेम्पररी. पक्के साहेब आले नि गेले, चाचा तिथंच! लेकीचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं. कारण एकच, “बापाची नोकरी पक्की न्हाई.”

तिसरं स्थळ त्या पुलापलीकडच्या गावचं. मुलाचे वडील चौकशीला थेट कचेरीतच आले. चाचा पाण्याचा तांब्या घेऊन उभे. आम्ही साहेबांना खुणावतोय, पण साहेब पडले नवे, त्यात खरं बोलणारे!

“पक्की नहीं. टेम्पररी है.”

चाचांनी मान खाली घातली. साहेबांचा असा राग आला म्हणता मला!

पाहुण्यांनी तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याले.

“आमच्या नदीवरचा लाकडी पूलबी टेम्पररीच हाय म्हणं. माझी वरात त्याच्यावरनंच गेलती. आता पोराची आणतो. बोला रहमतभाई, कदी आणू?”