सोमवारचा उपास

पुडीतला पेढा पाहिला की ती घटना आजही आठवते, आणि इतक्या वर्षांनीही हात आपोआप मिशीकडे जातो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. श्रीरामपूर भागात मी फौजदार होतो. तिथल्या एका साखर कारखान्यानं फुटबॉलचा संघ बाळगला होता; नोकरी कारखान्याची, पण पगार खेळण्याचा. एका रविवारी मोठ्या स्पर्धेत या संघाच्या गोलकीपरनं असे गोल खाल्ले की काय सांगू! चेंडू डावीकडं, हा झेपावतोय उजवीकडं. लोक मैदानात घुसले. "मॅच इकली! हाना त्याला!" मी त्याला जीपमध्ये कोंबून ठाण्यात आणला, नाहीतर त्या दिवशी खुनाचाच गुन्हा नोंदवावा लागला असता.

मागोमाग संघाचा कॅप्टन हजर. "साहेब, यानंच दगा दिला. उद्या कारखाना याला काढून टाकनार. तुमी आत टाका."

तेवढ्यात माझा खबऱ्या, बाजारपेठेतला एक पानवाला, कानाशी लागला. "सकाळपासनं सट्टेवाले सांगत हुते, आज कारखाना हरनार. लई छातीठोक." म्हणजे मॅच विकली गेली होती हे नक्की. कोणी विकली, ते शोधायचं होतं.

व्हरांड्यात गोलकीपरची बायको बसली होती. रडत नव्हती, चिडली होती. "त्यो इकनारा न्हाई, साहेब. गोल खाल्ला तर घरात जेवत न्हाई त्यो. नोकरी गेली तर जाऊ द्या, पर चोर म्हनू नका त्याला."

मी आत गेलो. गडी घटाघटा पाणी पीत होता, तरी जीभ कोरडी. बोटं हवेतून काहीतरी वेचत होती. मी त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. ऊन थेट चेहऱ्यावर, आणि डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढाल्या! अहो, हा तर धोतरा! एस.टी. स्टँडवर उतारूंना धोतरा चारून लुटणारी टोळी मी पकडली होती. ते डोळे मी विसरतोय होय?

तडक सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझा संशय खरा ठरवला. सकाळी शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मॅचच्या आधी आमच्या तंबूत माझ्या पिशवीवर कुंकू लावलेली पुडी हुती. कुनीतरी परसाद ठिवला आसंल म्हनून पेढे खाल्ले." उरलेले पेढे आम्ही पंचनामा करून रासायनिक तपासणीला पाठवले. पण अहवालाला महिने लागतात, आणि याची नोकरी त्याच दिवशी जाणार होती. सामन्याआधी संघ सरावाला बाहेर असताना तंबूत तिघेच गेले होते: कॅप्टन, प्रशिक्षक आणि बर्फ-लिंबं आणणारा शिपाई. तिघांना ठाण्यात बोलावलं. ताजे पेढे मागवले, तसल्याच पुडीत बांधले, वर कुंकू लावलं.

"गोलकीपरच्या पिशवीत सापडले. देवाचा प्रसाद आहे, घ्या."

शिपायानं कपाळाला लावून तोंडात टाकला. प्रशिक्षकानं दोन उचलले. कॅप्टननं मात्र हात मागं घेतला. "साहेब, आज सोमवार. उपास हाय माझा."

मला हसूच फुटलं. "अरे शहाण्या, उपासाला पेढा चालतो, हे शेंबडं पोरही सांगेल! आणि प्रसादाला नको म्हणणारा माणूस या जिल्ह्यात मी तरी पाहिला नाही. खा!" मी पेढा त्याच्या ओठांशी नेला तसा गडी घामानं डबडबला आणि त्यानं माझे पाय धरले.

"त्यो ऐकत न्हवता, साहेब. मॅच सोड म्हनून दोनदा इचारलं. दोन्ही येळंला शिव्या घातल्या त्यानं."

सट्टेवाल्यांसकट सगळे गजाआड गेले. कारखान्यानं गोलकीपरला सन्मानानं परत घेतलं, समितीनं सामना पुन्हा ठेवला. पुढच्या रविवारी बंदोबस्ताला मी स्वतः उभा होतो. अगदी शेवटी विरुद्ध संघाला पेनल्टी मिळाली. पठ्ठ्यानं झेप घेतली आणि चेंडू छातीशी कवटाळला! मारायला धावलेल्याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. मी हवालदाराला मिठी मारली. माझी टोपी कुठं पडली, कळलंही नाही.

गर्दी एकाकडं बोट दाखवते, तेव्हा पोलिसानं बोटाकडं न बघता त्या माणसाकडं नीट बघावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढं सगळ्या नोकरीत ते कामी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको पेढे घेऊन ठाण्यात आले. मी मुद्दाम दरडावलं, "आधी तू खा!" त्यानं पेढा मोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"खावा, साहेब," बायको हसत म्हणाली, "ह्यो घरचा हाय."

तो सोमवार होता आणि माझा खरोखरच उपास होता. पेढा कपाळाला लावला आणि खाल्ला.