नंदी मार्का

एक डोळा बारीक करायचा, उजवा हात ताठ पुढं काढायचा आणि समोरच्याच्या नाकासमोर अंगठा उभा धरायचा. आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या चित्रकलेच्या सरांनी माझी ओळख अशी करून घेतली. आता तुम्हीच सांगा, भर शिक्षकखोलीत कुणी तुम्हाला डोळा मारून ठेंगा दाखवला तर तुम्ही काय कराल? मी गणिताचा माणूस, उधारी ठेवत नाही. मी दोन्ही अंगठे दाखवले.

सर खूश झाले. "वा! तुम्ही दोन्ही हातांनी माप घेता? मला एकानंच जमतं."

चित्र काढणारे अंगठ्यानं माप घेतात, हे मुख्याध्यापकांनी मला नंतर हसत हसत समजावलं. पण मनात एकदा पाल चुकचुकली की ती काही भिंतीवरून उतरत नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पाणी नव्हतं, पण साहेब लोक भरपूर आले होते. नळ कोरडे, टँकरचा भरवसा नाही आणि जिकडंतिकडं नव्या कचेऱ्यांचे पाये खोदलेले. हे सर आमच्याच संस्थेच्या इस्लापूरकडच्या वसतिगृहाच्या शाळेतून आले होते, तेही स्वतः बदली मागून. किनवटचं जंगल, सहस्रकुंडच्या धबधब्याचं पाणी सोडून माणूस आपण होऊन या करपलेल्या गावात येतो? माझ्या हिशेबात हे बसेना.

त्यात ते टँकरच्या रांगेसमोर उभे राहायचे आणि घागरी धरलेल्या बायांकडं डोळा बारीक करून अंगठा धरायचे. एकदा एक म्हातारी खवळली, "मास्तर, ठेंगा कुणाला दाखवून राहिलास रं?" सरांनी हातातला कागद तिच्यापुढं केला. तिनं तो लांब धरून, जवळ धरून बघितला. "घागर बरी काढलीस. पण काढायचीच हुती तर भरलेली काढायची की!"

आमची नंदा तेव्हा दहावीत होती. तिनं डॉक्टर व्हायचं हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं, फक्त तिला विचारायचं राहिलं होतं. एका संध्याकाळी सर घरी आले.

"सर, नंदाला औरंगाबादला फाउंडेशनला पाठवा."

"पाया घालायला औरंगाबादला कशाला? इथं काय कमी पाये खोदून राहिलेत?"

"चित्रकलेच्या शिक्षणाचं पहिलं वर्ष असतं ते," सर शांतपणे म्हणाले. "त्याच्या पुढं वाटा लई. कुणी साडीचे काठ काढतं, कुणी पुस्तकातली चित्रं, कुणी नाटकाचे पडदे, कुणी जाहिराती. काहीच नाही तर माझ्यासारखा मास्तर."

"आणि त्याचे मार्क कोण धरतं?"

"मार्क नाही सर, मार्का. बाजारात मार्का चालतो. जरा एक डोळा झाकून बघा."

हे त्यांचं पालुपद. दोन्ही डोळे उघडे ठेवले की म्हणे नको ते फार दिसतं. मी मात्र दोन्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो. आमच्या गावात दलालीशिवाय कुणी कुणाचं दार ठोठावत नाही. पोरामागं यांना काहीतरी मिळत असणार! "सायन्स. विषय संपला," मी म्हणालो. आतून भांडी जरा जोरातच आदळली.

सर दर रविवारी दहावीच्या पोरापोरींना गावभर फिरवत. छापखाना, साडीचं दुकान, मंडपवाला. दारात जाऊन एकच प्रश्न विचारायचे, "चित्र काढणाऱ्याला तुमच्याकडं काय काम निघेल?" दलाली पकडायला हीच वेळ, म्हणून एका रविवारी मी तोंडाला रुमाल बांधून सायकलवर पाठलाग सुरू केला. मला वाटलं, मला कोण ओळखतंय? गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत सहा पोरं ओरडली, "नमस्ते सर!"

सगळे एका डाळमिलमध्ये शिरले. मी पोत्यांच्या थप्पीमागं दबा धरला. मिलमालक कपाळभर विभूती लावलेले, महादेवाचे भक्त. जुन्या पोत्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, म्हणून नव्या पोत्यांवर त्यांना नवा मार्का हवा होता, नंदीचा. पोरापोरींनी काढून आणलेले कागद ते एकेक बघत होते. एका कागदावर थांबले.

"नंदी झ्याक हाय. पण मास्तर, ह्यो असा संशयानं कामून बघून राहिला?"

नेमकी तेव्हाच डाळीची धूळ माझ्या नाकात गेली आणि मी शिंकलो. थप्पीमागून पिवळाधमक होऊन बाहेर आलो. मालकांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"आस्सं! आता कळलं."

सरांनी एक डोळा झाकून माझ्यावर अंगठा धरला. "माप बरोबर आलंय."

पोरं हसून हसून पोत्यांवर लोळली. चित्र नंदाचं होतं. ती तेवढी हसली नाही.

"संशय न्हाई ओ काका," ती मालकांना म्हणाली. "आमचे आप्पा कोपऱ्यावर उभं राहून टँकरची वाट बघतेत, तवा असे बघतेत."

दलालीवर मी जोरदार भाषण तयार करून नेलं होतं. ते शिंकेबरोबर कुठं उडालं, कळलं नाही. रोज पहाटे घागरी मांडून मी त्या कोपऱ्याकडं बघत उभा असायचो. मला कुणी बघत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तरी सवय जाते का? परतताना विचारलंच, "खरं सांगा, त्या औरंगाबादवाल्यांकडून तुम्हाला काय मिळतं?"

"मिळतं तर! मी पाठवलेली पोरं सुट्टीत येतात आणि माझ्या चित्रातल्या चुका काढतात."

दहावीचा निकाल लागल्यावर मी नंदाला घेऊन औरंगाबादला गेलो. फाटकावरच्या माणसाची उलटतपासणी केली, शेजारच्या पानवाल्याची केली आणि मगच तिचं नाव घातलं.

पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा बदली मागितली, परत इस्लापूरला. माझी पाल लगेच चुकचुकली. "आता कामून?"

"तिकडची पोरं विचारायची, चित्र काढून पुढं काय? मला सांगता यायचं नाही. म्हणून इकडं आलो होतो. आता दारं बघून झाली."

एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझं शेवटचं माप घेतलं. ते वारल्याचं मला बऱ्याच वर्षांनी नंदानंच सांगितलं. ती इस्लापूरला जाऊन आली होती.

परवा किराणा दुकानात तुरीच्या डाळीचं पोतं उभं होतं. त्यावरचा नंदाचा नंदी तसाच आहे, अजून टँकरची वाट बघतोय. मी एक डोळा झाकला, हात ताठ केला आणि त्याच्यावर अंगठा धरला. माप बरोबर आलं.

पोत्यामागून दुकानदार उठला. "सर, डाळ पटली न्हाई तर ऱ्हाऊ द्या की. ठेंगा कामून दाखवून राहिलेत?"