राजक्काची हरकत

बंगळूरच्या चामराजपेटेत कुणाच्या घरची साखर कुणाकडे उसनी गेली हेसुद्धा मला कळतं. त्यामुळे राजलक्ष्मीची, म्हणजे आमच्या राजक्काची, गोष्ट माझ्यापासून लपणं शक्यच नव्हतं. ती आमच्यातलीच, इथल्या मराठ्यांतली. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले, आणि ही त्यांची वंशज पांढरा स्कर्ट घालून सायकलीवरून मल्लेश्वरमला टेनिस खेळायला जायची. पेठेतल्या बायका खिडक्या उघडून बघायच्या आणि बंद करून बोलायच्या.

तरुणपणी ती एकदा अंतिम सामन्यापर्यंत पोचली. अगदी शेवटी पंचाने समोरचीचा चेंडू बाहेर दिला, गुण हिचा. हिने आपल्या बाजूची लाल मातीवरची खूण वाकून पाहिली, चेंडू रेषेवर, म्हणजे आतच आहे म्हणाली आणि बुटाने खूण पुसून टाकली. पुसली की वाद संपला. सामनाही संपला, ही हरली. तेव्हापासून आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर कुणी हातातला एक्का उगाच घालवला की आम्ही म्हणायचो, काय रे, राजक्का झालास?

लग्न झालं नाही. पेठेकडे त्याची चार-पाच कारणं तयार होती, त्यातली दोन माझीच. पण खरं म्हणजे तिला लग्नाला सवडच नव्हती. आमच्या क्लबाच्या मागच्या अंगाला बायकांचं एक मातीचं कोर्ट होतं. पहाटे त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या आणि मग आसपासच्या पोरींना शिकवायचं, यात तिचे केस पिकले. पोरींना पहिला धडा एकच: शंका असेल तर गुण समोरचीचा.

ब्याण्णव साली क्लबाचे सेक्रेटरी हणमंतराव, म्हणजे राजक्काचे मावसभाऊ, यांना त्या जागेवर कल्याणमंटप बांधायची उबळ आली. लग्नकार्यांसाठी हॉल हवाच होता, आणि बायकांच्या कोर्टाची कुणाला पडली होती? फक्त एक जुना नियम आडवा येत होता. ते कोर्ट मोडायचं तर भर सभेत विचारायचं, आणि एकाही बाई सभासदाने हरकत घेतली तर विषय तिथेच बंद. बाकीच्या बाई सभासद म्हणजे कमिटीवाल्यांच्या बायका. हरकत घेणारी उरली एकटी राजक्का.

शिकणाऱ्या पोरींत श्यामला सर्वांत चांगली. पंधरा वर्षांची, राज्याच्या निवडीसाठी तयारी करत होती. घरचे तिला राजक्काच्या भरवशावर पाठवायचे, दुसऱ्या कुठल्या क्लबात जाऊ देणार नव्हते. कोर्ट गेलं की हिचा खेळ गेला. तिने विचारलं, "अक्का, तुम्ही सभेत बोलाल ना?"

"बोलेन," राजक्का म्हणाली.

अड्ड्यावर मात्र सगळ्यांचं मत, ही कसली बोलते.

हणमंतरावांनाही धाकधूक होतीच. म्हणून त्यांनी सभेलाच सत्काराचं लुगडं नेसवलं. खेळातल्या सचोटीसाठी आणि टेनिसच्या सेवेसाठी महिला खेळाडूंचा सन्मान, पहिला मान अक्कांचा. कुंकू लावलेली पत्रिका आणि नारळ घेऊन ते तिच्या घरी गेले. शेजारच्या शारदाबाई भिंतीपलीकडे डाळ निवडत होत्या, म्हणून मला हे शब्दशः ठाऊक. मंटपाचं नावसुद्धा काढलं नाही म्हणे.

सत्काराचा मांडव घातला नेमका त्या कोर्टावरच. खांबांसाठी माती खणली होती. राजक्का आली, एका खड्ड्यापाशी थांबली आणि मग पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली. डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, मांडीवर फळांची टोपली. नवरीचेसुद्धा इतके हात बांधत नाहीत. मी पहिल्या रांगेत होतो, केसरीभाताच्या वासाच्या टप्प्यात. बाजूला नादस्वर आणि डोलू घेऊन वाजंत्री बसलेले.

आमच्याकडे लग्नात मंगळसूत्र बांधताना कुणी बोट वर केलं की वाजंत्री गट्टीमेळ वाजवतात, म्हणजे एकदम जोरात, सगळी वाद्यं एकत्र. त्या घडीला अशुभ शब्द कुणाच्या कानी पडू नये म्हणून.

हणमंतराव माइकवर म्हणाले, "आमच्या अक्कांनी जन्मात कधी वाद घातला नाही. तेव्हा मंटपाला कुणाची हरकत?" आणि बोट वर केलं.

राजक्का टोपलीसकट उभी राहिली. "माझी हरकत आहे," असं ती म्हणाली. नादस्वर उसळलं. ती पुन्हा म्हणाली. या वेळी मला नुसते ओठ दिसले. मागच्यांना वाटलं बाई आभार मानतेय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतरावांनी हात जोडले आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

हरकत ऐकू आली नाही, असं ठरलं. मी ऐकली, आणि भेटेल त्याला सांगितलं. पण आयुष्यभर मी जे सांगत आलो त्यापुढे हे खरं कोण मानणार? अण्णांची आणखी एक पुडी, म्हणून लोक हसले.

श्यामला मागे उभी होती. दुसऱ्या दिवशी ती राजक्काच्या दारात आली. "बोलाल म्हणाला होतात," एवढंच म्हणाली. पोरीची रॅकेट कपाटावर गेली ती गेलीच. पावसाळ्याआधी कोर्टावर पाया खणला गेला. राजक्का पहाटे उठायची आणि अंगणात नुसती बसून राहायची, असं शारदाबाई सांगत.

सहा वर्षांनी श्यामलाचं लग्न त्याच मंटपात झालं. राजक्काला बोलावणं होतं, ती आली. वाळून काटकी झाली होती. श्यामला तिच्या पाया पडली, पण वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "राजक्का, आता तरी सांग तिला. मी साक्षीला आहे, माझं कुणी मानत नाही ते सोड."

"तिला ऐकू आलं नाही ना, अण्णा?"

"नाही आलं."

"मग गुण तिचा."

तेवढ्यात कुणीतरी बोट वर केलं आणि गट्टीमेळ सुरू झाला. राजक्काने सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या. काही तांदूळ जवळच फरशीवर पडले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग अनवाणी पायाने हळूहळू पुसून तिने ती जागा साफ केली.